नवी ऑपरेटिंग सिस्टीम विकत घेताना: लायसन्स कोणतं, पोहोच-खर्च किती आणि ॲक्टिव्हेशन कुठे अडतं

विंडोजची इन्स्टॉलेशन फाइल मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून कोणालाही फुकट उतरवून घेता येते. पैसे पडतात ते ती फाइल एका मशीनवर वापरण्याच्या हक्काचे. हे एकदा पक्कं लक्षात ठेवलं की खरेदीचा बराचसा गोंधळ मिटतो. खोकं आहे की ईमेल, डीव्हीडी आहे की पेनड्राइव्ह, हे दुय्यम ठरतं. आधी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: हा हक्क दुसऱ्या मशीनवर नेता येतो का? मदरबोर्ड जळाला तर तो टिकतो का? त्याला मुदत आहे का?

विकत घ्यायची गरज आहे का, हे आधी तपासा

अनेकांना पैसे खर्च करण्याची गरजच नसते. विंडोज ८ पासून मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये प्रॉडक्ट की, म्हणजे विंडोज वापरायचा हक्क सिद्ध करणारा सांकेतिक क्रमांक, स्टिकरवर नसून मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच (बोर्डावरच्या चिपमधल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) साठवलेली असते. हार्ड डिस्क खराब झाली, नवी एसएसडी टाकली, तरी तीच आवृत्ती (होम किंवा प्रो) पुन्हा इन्स्टॉल केल्यावर इंटरनेट मिळताच ती आपोआप ॲक्टिव्हेट होते, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर तुमचा हक्क तपासून मान्य करतो. "डिस्क बदलली म्हणजे नवी विंडोज घ्यावी लागेल" असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे.

ॲक्टिव्हेट असलेल्या विंडोज १० वरून ११ वर जाणंही फुकट आहे, मशीन पात्र असेल तर. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नाही. विंडोज ७ किंवा ८ च्या जुन्या प्रॉडक्ट कीवर नवी विंडोज चालवण्याची वाट मात्र मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं. त्या कीच्या भरवशावर खरेदीचा बेत आखू नका.

ॲपलच्या संगणकांसाठी मॅकओएस २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून विनामूल्य आहे. तिच्या लायसन्सनुसार ती फक्त ॲपलच्याच हार्डवेअरवर चालवता येते. म्हणून कोणी मॅकओएसची "की" विकत असेल तर ती फसवणूक समजा. अशी की अस्तित्वातच नाही.

सध्याच्या मशीनवर कोणतं लायसन्स आहे ते पाहायला दोन मिनिटं लागतात. कमांड प्रॉम्प्ट उघडा, रोमन अक्षरांत एस-एल-एम-जी-आर सलग टाइप करा, एक जागा सोडा, मग पुढे झुकलेली तिरपी रेघ आणि लगेच डी-एल-आय टाइप करून एंटर दाबा. छोट्या खिडकीत वर्णनाच्या ओळीत चॅनेल, म्हणजे लायसन्सचा प्रकार, दिसेल: रिटेल, ओईएम किंवा व्हॉल्यूम (तिन्हींचे अर्थ खाली येतात). तिरप्या रेघेपुढे डी-एल-आयऐवजी एक्स-पी-आर दिलं तर ॲक्टिव्हेशन कायमचं आहे की तारखेपर्यंतचं, हे कळतं. दोन्ही उत्तरं लिहून ठेवा, पुढे लागतील.

मशीन पात्र आहे का

विंडोज ११ साठी ६४ बिट, किमान दोन कोअरचा १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) करू शकणारं यूईएफआय हे नव्या पद्धतीचं फर्मवेअर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. कागदावर ४ जीबी पुरते, पण प्रत्यक्ष कामाला ८ जीबीपेक्षा कमी रॅम असेल तर आधी रॅमवर खर्च करा, मग लायसन्सवर. लोक अडकतात ते प्रोसेसरच्या यादीपाशी. ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी आणि एएमडीची रायझन २००० मालिका किंवा त्यानंतरचे प्रोसेसर चालतात.

"टीपीएम नाही" असा संदेश आला म्हणून लगेच मशीन बाद करू नका. बऱ्याच बोर्डांवर ते असतं, पण बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या फर्मवेअरच्या सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डांवर ते पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डांवर एफटीपीएम या नावाने सापडतं. चालू करून पुन्हा तपासा. दुसरी अडचण डिस्कची: जुनी विंडोज एमबीआर या डिस्कच्या जुन्या विभागणी-पद्धतीवर, लेगसी (यूईएफआयपूर्वीच्या) बूटमध्ये बसवलेली असेल तर सिक्युअर बूट चालू होत नाही. विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन आहे, त्याने डेटा न पुसता जीपीटी या नव्या पद्धतीत रूपांतर होतं. तरीही बॅकअप आधी घ्याच. आणि क्रम पाळा: आधी रूपांतर, मग बायोसमध्ये यूईएफआय. उलट केलं तर मशीन बूट होणार नाही.

अट चुकवून इन्स्टॉल करण्याच्या युक्त्या नेटवर भरपूर सापडतात. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर फारच जुन्या प्रोसेसरवर, आवश्यक सूचनासंच नसल्यामुळे, विंडोज सुरूच होत नाही. अशा मशीनसाठी पैसे देऊन लायसन्स घेणं आम्हाला पटत नाही. तिथे लिनक्स हाच शहाणा पर्याय.

लायसन्सचे प्रकार

रिटेल म्हणजे पूर्ण हक्काचं लायसन्स. ते एका वेळी एकाच मशीनवर चालतं, पण जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतं. स्वतः भाग जोडून मशीन बनवणाऱ्यांनी, किंवा तीन-चार वर्षांनी मदरबोर्ड बदलणाऱ्यांनी हेच घ्यावं. सुरुवातीला महाग वाटतं, पण दुसऱ्या बोर्डावर नेलं की फरक भरून निघतो.

ओईएम स्वस्त असतं, कारण ते पहिल्या मशीनशी जखडलेलं असतं. इथे "मशीन" म्हणजे व्यवहारात मदरबोर्ड. रॅम, डिस्क, ग्राफिक्स कार्ड बदललं तरी चालतं. बिघाडामुळे त्याच जातीचा बोर्ड बदलून मिळाला तरी सहसा निभावतं. स्वतःहून नवा बोर्ड घेतला की लायसन्स संपलं. ओईएममध्येही दोन जाती आहेत. एक मोठे उत्पादक कारखान्यातच फर्मवेअरमध्ये भरतात. दुसरी सिस्टीम बिल्डर प्रत, जी मशीन जोडून विकणाऱ्यांसाठी असते. तिच्या बाबतीत तांत्रिक मदतीची जबाबदारी मशीन जोडणाऱ्यावर असते, मायक्रोसॉफ्टवर नाही. दुकानदार नुसतं "ओरिजिनल आहे" म्हणाला तर ते पुरेसं नाही. ओईएमही ओरिजिनलच असतं. "रिटेल का ओईएम, आणि बिलावर तसं लिहून देणार का?" असं विचारा.

व्हॉल्यूम लायसन्स संस्थांसाठी असतं आणि त्यातही दोन तऱ्हा. एमएके म्हणजे ठरावीक संख्येपर्यंत ॲक्टिव्हेशन देणारी एकच की. केएमएस म्हणजे संस्थेच्या आतला सर्व्हर प्रत्येक मशीनला १८० दिवसांपुरतं ॲक्टिव्हेट करतो आणि मशीन अधूनमधून त्याच्याशी बोलून मुदत वाढवून घेतं. संस्थेत किमान २५ मशीन सर्व्हरशी बोलल्याशिवाय केएमएस ॲक्टिव्हेशन देतच नाही. दहा मशीनच्या कार्यालयाने तो मांडून ठेवला तर तो नुसता बसून राहील. आणखी एक गोष्ट खरेदी विभागाच्या नजरेतून सुटते: विंडोजचं व्हॉल्यूम लायसन्स हे अपग्रेडचं लायसन्स आहे. मशीनवर आधीपासून पात्र मूळ लायसन्स, साधारणतः प्रो, असावं लागतं. विनाविंडोज मशीन स्वस्तात घ्यायची आणि वर व्हॉल्यूम लायसन्स टाकायचं, हा हिशेब तपासणीत फसतो.

कार्यालयात सर्व्हर असेल तर गणित आणखी वेगळं. विंडोज सर्व्हरच्या नेहमीच्या आवृत्त्यांचं लायसन्स कोअरवर मोजतात: एका प्रोसेसरला किमान ८ आणि एका सर्व्हरला किमान १६ कोअर, प्रत्यक्षात कमी असले तरी. त्याशिवाय त्या सर्व्हरला जोडणाऱ्या प्रत्येक माणसासाठी किंवा उपकरणासाठी वेगळं सीएएल, म्हणजे सर्व्हर वापरण्याचा परवाना. माणसं पाळ्यांत एकच मशीन वापरत असतील तर उपकरणावर घ्या. एक माणूस लॅपटॉप, फोन, डेस्कटॉप तिन्ही वापरत असेल तर माणसावर. रिमोट डेस्कटॉपवर सगळे काम करणार असतील तर त्याचं सीएएल पुन्हा निराळं. कोटेशनमध्ये ही ओळ नसेल तर ते अपुरं आहे.

लिनक्समध्ये हक्क फुकट असतो आणि पैसे मागितलेच तर सेवेचे असतात. उबुंटू या लिनक्सच्या एलटीएस (दीर्घ मुदतीच्या) आवृत्तीला ५ वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. उबुंटू प्रो ही वाढीव अपडेटची वर्गणी वैयक्तिक वापरासाठी ५ मशीनपर्यंत विनामूल्य आहे. रेड हॅट या व्यावसायिक लिनक्समध्ये वर्षाची वर्गणी असते. ती संपली तरी सिस्टीम बंद पडत नाही, अपडेट आणि मदत थांबते. सर्व्हरसाठी तो थांबाच धोक्याचा असतो, म्हणून वर्गणीची तारीख बिलासोबत नोंदवा.

होम की प्रो

घरगुती वापराला होम पुरते. प्रो घ्यायची कारणं मोजकी आहेत: बिटलॉकरचं (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या सोयीचं) पूर्ण नियंत्रण, आपल्या मशीनवर दुसरीकडून रिमोट डेस्कटॉपने येणं, हायपर-व्ही (एका मशीनमध्ये आभासी मशीन चालवणं), ग्रुप पॉलिसी (मशीनचे नियम एकत्र ठरवणं) आणि कार्यालयाच्या डोमेनला, म्हणजे मध्यवर्ती नेटवर्कला, जोडणी. यातलं काहीच लागत नसेल तर प्रो घेऊन मशीन वेगवान होणार नाही. पुढे गरज पडली तर होमवरून प्रोवर सेटिंग्जमधूनच, डेटा न पुसता जाता येतं. उलटा प्रवास मात्र पुन्हा इन्स्टॉल केल्याशिवाय होत नाही, म्हणून शंका असेल तर होमपासून सुरुवात करा.

एस मोड या मर्यादित विंडोजचं मशीन आलं असेल तर ॲप फक्त स्टोअरमधूनच टाकता येतात. त्यातून बाहेर पडणं फुकट आहे, पण परत जाता येत नाही. नावापुढे "एन" असलेली आवृत्ती मीडिया प्लेअर आणि त्याच्याशी संबंधित भाग वगळून येते. तिची की साध्या आवृत्तीला चालत नाही. स्वस्त दिसली म्हणून ती घेऊ नका.

फार स्वस्त की कुठून येते

अधिकृत किमतीच्या दहाव्या हिश्शात मिळणारी की बहुधा चार ठिकाणांहून येते: एखाद्या संस्थेची फुटलेली एमएके, डेव्हलपर वर्गणीतली चाचणीपुरती की, भंगारात गेलेल्या मशीनवरची ओईएम की, किंवा चोरीच्या कार्डाने केलेली खरेदी. चारही प्रकार पहिल्या दिवशी ॲक्टिव्हेट होतात. म्हणूनच "चालली की!" हा पुरावा नाही. महिन्यांनंतर की ब्लॉक होते आणि तोवर विक्रेत्याची परताव्याची मुदत उलटलेली असते.

खुणा ओळखा. विक्रेता फोनवरूनच ॲक्टिव्हेट करायला सांगतो. तयार ईमेल खातं आणि पासवर्ड देतो. एखादी स्क्रिप्ट चालवायला लावतो. अँटिव्हायरस बंद करा म्हणतो. वर सांगितलेली एक्स-पी-आरची तपासणी इथे कामाला येते. घरच्या मशीनवर "कायमचं ॲक्टिव्हेट" असं न येता तारीख दिसली तर विकत मिळालेली वस्तू केएमएसची आहे, आणि दर काही दिवसांनी तुमचं मशीन कोणा अनोळखी सर्व्हरकडे विचारणा करतंय. स्क्रिप्ट चालवली असेल तर नुसती की बदलून भागत नाही. विंडोज स्वच्छ इन्स्टॉल करा.

नूतनीकरण केलेलं जुनं मशीन घेत असाल तर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत रिफर्बिशर योजनेचं लेबल त्यावर आहे का ते पाहा. सुटं लेबल, मशीनशिवाय विकायला ठेवलेलं, हे लायसन्स नव्हे.

पोहोच-खर्च: किमतीच्या खाली दडलेल्या ओळी

ईमेलने की घेतली तर कुरिअर नाही, सीमाशुल्काची रांग नाही. कर मात्र बहुतेक ठिकाणी लागतोच आणि तो पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर दिसतो. खोक्यात पेनड्राइव्ह आणि कीचं कार्ड येतं. ज्यांचं इंटरनेट मंद आहे, किंवा संस्थेला हिशेबासाठी हातात धरता येणारी वस्तू लागते, त्यांनी खोकं घ्यावं. बाकी सगळ्यांनी डिजिटल घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण पेनड्राइव्हवरची आवृत्ती खोकं पोहोचेपर्यंत जुनी झालेली असते आणि मोठे अपडेट शेवटी उतरवावेच लागतात.

परदेशातून खोकं मागवताना आकडे कसे फुगतात ते पाहा. दर समजण्यापुरते धरले आहेत. किंमत १००, कुरिअर १२, विमा २, मिळून ११४. अनेक देशांत शुल्क नुसत्या किमतीवर न लावता या ११४ वर लावतात. १० टक्के शुल्क म्हणजे ११.४०. मग विक्रीकर या बेरजेवर, म्हणजे १२५.४० वर, २० टक्के धरला तर २५.०८. कुरिअर कंपनी तुमच्या वतीने शुल्क भरते म्हणून हाताळणी ८. कार्डाची चलनबदलाची ३ टक्के कात्री ११४ वर ३.४२. एकूण १६१.९०. शंभराची वस्तू दारात येईपर्यंत दीडपटीच्या पुढे गेली.

यातल्या दोन ओळींवर तुमचा ताबा असतो. पहिली, डीडीपी आणि डीएपी या दोन पोहोच-अटींतली निवड. डीडीपीमध्ये शुल्क-कर विक्रेता भरतो आणि दाखवलेली किंमत शेवटची असते. डीएपीमध्ये ते दारात तुमच्याकडून घेतात, हाताळणीसकट. दुसरी, खोक्याचा आकार. कुरिअर खरं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त ते मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून अनेक कंपन्या ५००० ने भागतात. ३० × २० × १० च्या कार्टनचं वजन त्या हिशेबाने १.२ किलो होतं, आत दीडशे ग्रॅमचं पाकीट असलं तरी. "बबल पाकिटात पाठवा" एवढं सांगितल्याने पैसे वाचतात. पाच-सहा प्रती हव्या असतील तर एकाच पार्सलमध्ये घ्या. हाताळणी एकदाच पडते.

परताव्याचं आधी वाचून ठेवा. कीवरचा खरवडायचा थर खरवडला, किंवा डिजिटल की एकदा स्क्रीनवर उघडली, की बहुतेक विक्रेते पैसे परत करत नाहीत. म्हणून खोकं उघडताना व्हिडिओ काढा, थर आधीच खरवडलेला नाही ना ते पाहा, आणि खोक्यावरची आवृत्ती मागवलेलीच आहे याची खात्री झाल्यावरच खरवडा. नाण्याने हलकेच, जोर दिला तर खालचं अक्षरच निघून येतं. तसं झालंच तर कार्डाचा फोटो आणि बिल घेऊन विक्रेत्याकडे किंवा मायक्रोसॉफ्टच्या मदत केंद्राकडे जाता येतं.

लिनक्सचा पेनड्राइव्ह टपालाने विकणं पूर्ण वैध आहे. लिनक्स ज्या जीपीएल लायसन्सवर चालतं, त्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीतच प्रत प्रत्यक्ष पोहोचवण्याचं शुल्क घेण्याची मुभा लिहिलेली आहे. उबुंटू बनवणारी कॅनॉनिकल कंपनी तर २००५ पासून २०११ पर्यंत उबुंटूच्या सीडी जगभर फुकट पाठवत होती. तेव्हा कोणी पेनड्राइव्ह आणि टपालाचा खर्च मागत असेल तर रास्त आहे. "लायसन्स फी" मागत असेल तर नाही. विकत घेतलेल्या पेनड्राइव्हवर डोळे झाकून विसंबू नका. शक्य असेल तर आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशनची अखंड प्रत) स्वतः उतरवा आणि तिचा एसएचए-२५६ आकडा, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला की बदलणारी तिची खूण, मूळ साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहा.

इन्स्टॉल आणि ॲक्टिव्हेशन

किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. तो मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन साधनानेच बनवा. आयएसओमधल्या फाइल हाताने कॉपी केल्या तर एफएटी-३२ या पेनड्राइव्हवर फाइल साठवण्याच्या पद्धतीत ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, आणि विंडोजची मुख्य फाइल बऱ्याचदा त्याहून मोठी असते. इन्स्टॉल अर्ध्यात थांबण्याचं हे नेहमीचं कारण.

सुरू करण्याआधी तीन गोष्टी करा. डेटाचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. बायोसमध्ये काही बदललं की ती विचारली जाऊ शकते आणि ती नसेल तर डेटा गेला. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा, कारण नव्या वाय-फाय कार्डाला विंडोज लगेच ओळखतेच असं नाही.

इन्स्टॉल करताना कीची पायरी "माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही" म्हणून ओलांडता येते. पुढे आवृत्ती निवडताना मात्र विकत घेतलेलीच निवडा. इथे एक खास अडचण: लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये होमची की असेल आणि तुम्ही प्रो विकत घेतली असेल, तर इन्स्टॉलर न विचारता होम बसवून मोकळा होतो. घाबरू नका. होम बसू द्या, मग सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन इथे जाऊन "प्रॉडक्ट की बदला" निवडा आणि प्रोची की द्या.

की २५ चिन्हांची, पाच-पाचच्या पाच गटांत असते. तिच्यात शून्य, एक आणि पाच हे अंक नसतात. इंग्रजी स्वर आणि एल, एस, झेड ही अक्षरंही नसतात. त्यामुळे "हे ओ की शून्य?" असा प्रश्न पडला तर ते दोन्ही नाही, बहुधा क्यू किंवा डी आहे. बी आणि ८, जी आणि ६ मात्र खरोखर येतात, तिथे भिंग घ्या.

ॲक्टिव्हेशन अडलं तर सर्वांत आधी घड्याळ पाहा. बोर्डावरची बॅटरी संपलेली असेल तर तारीख मागे जाते आणि सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही. त्यानंतर त्रुटीचा क्रमांक वाचा. शेवटी सी००४सी००३ असेल तर सर्व्हरने की नाकारली, बहुतेकदा ती ब्लॉक झालेली असते: विक्रेत्याकडे जा. सी००४सी००८ म्हणजे की परवानगीहून जास्त मशीनवर वापरली गेली आहे. रिटेल असेल तर जुन्या मशीनवरून काढून पुन्हा करा. सी००४एफ०५० बहुधा टाइप करण्यातली चूक किंवा भलत्या आवृत्तीची की. सी००४एफ२११ म्हणजे हार्डवेअर बदललं आहे. सी००४एफ०७४ दिसलं तर मशीन केएमएस सर्व्हर शोधत आहे. घरी ते दिसण्याचं काहीच कारण नाही.

मदरबोर्ड बदलणार असाल तर आधी, जुना बोर्ड चालू असतानाच, लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घ्या. ॲक्टिव्हेशनच्या पानावर "खात्याशी जोडलेलं डिजिटल लायसन्स" अशा अर्थाची ओळ दिसली पाहिजे. नव्या बोर्डावर त्याच खात्याने आत जाऊन ट्रबलशूटरमध्ये "अलीकडेच हार्डवेअर बदललं" हा पर्याय निवडा. बोर्ड आधीच जळाला असेल आणि जोडणी केलेली नसेल, तर रिटेल की आणि बिल हाच आधार उरतो. म्हणून बिल, कीच्या कार्डाचा फोटो, खरेदीचा ईमेल आणि डी-एल-आयचा स्क्रीनशॉट एकत्र, त्या मशीनच्या बाहेर ठेवा. संस्थेत तपासणीला येणारे लोक स्टिकर पाहून समाधान मानत नाहीत, ते बिल मागतात.

जुनं मशीन विकताना रिटेल लायसन्स स्वतःकडे ठेवायचं असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये तीच एस-एल-एम-जी-आर कमांड, तिरपी रेघ आणि यू-पी-के देऊन की काढा, मग सी-पी-के-वाय देऊन रजिस्ट्रीतूनही (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातूनही) पुसा, आणि त्यानंतर डिस्क साफ करा. ओईएम असेल तर काहीही काढू नका. ते लायसन्स मशीनसोबत जातं आणि घेणाऱ्याला तसं बिलावर लिहून द्या.